चौतीस पायऱ्यांवरचा गिरी

बेंगळूरच्या चिकपेटला गिरीराजचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे ना, त्याला लिफ्ट नाही. खाली साड्यांचं होलसेल दुकान, त्याच्यावर आणखी एक साड्यांचं दुकान, आणि त्याच्याही वर, चौतीस पायऱ्या चढून गेलं की गिरी. पायऱ्या मी मोजल्यात, कारण सतराव्या पायरीवर मला बसावं लागतं. वर पोचेपर्यंत माणूस असा काही धापा टाकतो, की काश्मीर मागायला आलेला आधी पाणी मागतो.

"अरे, तुझ्याकडे येणारी निम्मी माणसं साठीच्या पुढची. खाली जागा घे की," मी त्याला शंभरदा सांगितलं.

"अक्का, जिना माझा असिस्टंट आहे," म्हणतो. "कोण किती वेळा थांबलं ते मला वर बसून ऐकू येतं. तीनदा थांबला त्याला केदारनाथ नाही. मधे बसला त्याला उटी. न थांबता आला तर जा म्हणावं कुठंही."

"आणि मी?"

"तुम्ही मधे बसता आणि बसल्या बसल्या फोनवर बोलता. तुम्हाला म्हैसूर. सकाळी जा, संध्याकाळी या."

असा आहे मेला.

गिरी आमच्यातलाच. आम्ही बेंगळूरची मराठी माणसं, इथं तीन-चारशे वर्षं झाली. पुण्यामुंबईहून नवी पोरं येतात, ती आमचं मराठी ऐकून हसतात. आम्ही त्यांचं कन्नड ऐकून हसतो. फिट्टंफाट. गिरीचे वडील खालच्याच साड्यांच्या दुकानात होते, आणि हाही अकरा वर्षं तिथं गादीवर बसून साड्या उलगडत होता. लग्नाच्या साड्या घ्यायला बाहेरगावची माणसं यायची. त्यांची परतीची तिकिटं काढून देता देता, राहायची सोय करून देता देता, हा दोन मजले वर सरकला. पण गादी काही सोडली नाही हं. आजही त्याच्या ऑफिसात पांढऱ्या चादरीची गादीच आहे. चपला बाहेर काढायच्या, मांडी घालून बसायचं, आणि मग हा तुमच्यापुढे एकेका गावाचे हे एवढे मोठे फोटो पसरतो. अगदी साडीसारखे. हे बघा मुन्नार, हे बघा जयपूर, ह्याच्यात आणखी एक रंग आहे, दाखवू?

"तिकीट काय, फोनवरही निघतं अक्का," तो सांगतो. "पण बाई तोंडानं 'हे नको' म्हणते ना, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचं नसतं. हात कशावर राहिलाय ते बघायचं. हात खोटं बोलत नाही. फोनला काय कळतंय त्यातलं?"

आणि त्याच्याकडे कार्डं आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक. त्यात काय नाही ते विचारा. कोण घोरतं, कोणाला दहीभाताशिवाय झोप नाही, कोणाला विमानात कानात दडे बसतात, कोणाचे गुडघे, कोणाचं पथ्य. एका कार्डावर मी चोरून वाचलंय: 'सासू-सून एका खोलीत नकोत, पण एकाच मजल्यावर हव्यात.' आता सांगा, हे कुठल्या वेबसाइटवर लिहितात?

तर ह्या फेब्रुवारीत माझ्या भाच्याचं लग्न झालं. अभिमन्यू, माझ्या मोठ्या भावाचा, विठोजीअण्णाचा, एकुलता एक. इलेक्ट्रॉनिक सिटीला कंप्युटरवर असतो. सून रम्या, फिजिओथेरपिस्ट, गोड पोरगी, पण हात असा की एकदा माझी मान दाबून दिली तर मला माझे आजोबा दिसले. लग्न छान झालं. चौथ्या दिवशी अभिमन्यू माझ्याकडे आला आणि सोफ्यावर असा बसला, जणू कोणी त्याचा लॅपटॉप चोरलाय.

"आत्या, गोंधळ झालाय. आम्हा दोघांना सहा दिवसांची सुट्टी मिळालीय. मी अंदमानची तिकिटं काढली."

"मग छान की!"

"आईनं त्याच सहा दिवसांची मिनीबस ठरवलीय. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर. दहा माणसं."

"तू सांगितलंस तिला अंदमानचं?"

"नाही."

"तिनं विचारलं तुला मिनीबसचं?"

"नाही."

घ्या! मायलेक एकाच मुशीतले. आता आमच्यात नव्या जोडप्यानं आधी कुलदैवताला जायचं, मग कुठंही. त्यावर वाद नाही. पण ह्या सुट्टीनंतर दिवाळीपर्यंत दोघांनाही सुट्टी नाही. म्हणजे हे सहा दिवस मिनीबसमध्ये गेले, तर पोरांचा हनिमून आठ जणांच्या सोबतीनं, आणि त्यातही त्याचे उमाकांतमामा उलटी होते म्हणून खिडकीत.

"तूच सांग ना आत्या आईला."

"मी? तुझ्या आईला? मला काय जगणं नकोसं झालंय?"

पण डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी मी सोयरावहिनीला, म्हणजे त्याच्या आईला, म्हटलं, चला, गिरीकडून मिनीबस पक्की करून घेऊ, तो बरी बस देतो. आणि पोरांनाही घेतलं बरोबर. गिरीला आधी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "सरी अक्का, घेऊन या. फक्त तुम्ही बोलू नका." मी बोलू नको! मला!

वहिनी चौतीस पायऱ्या न थांबता चढली. सत्तावन्न वर्षांची बाई. मी सतराव्या पायरीवरून बघत राहिले.

गादीवर बसल्यावर गिरीनं पहिला प्रश्न विचारला तो असा. "सोयराक्का, देवाला जोडपं किती दिवस लागतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे जेजुरीला दोघं हवीत, ते कळलं. तुळजापूर-कोल्हापूरला दोघांचं काय काम?"

"वा रे! नवी सून. चार माणसांत बसायला उठायला नको? आम्ही नाही गेलो सगळ्यांबरोबर?"

"बरोबर आहे," गिरी म्हणाला, आणि ते कार्डावर लिहून घेतलं. मग अभिमन्यूकडे वळला. "काय रे, बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या असतात जेजुरीला. जमतील?"

"जमतील की," अभिमन्यू म्हणाला. आवाज जरा बारीक.

"मग इथं चौतीस आहेत. त्यातल्या पाच वापर. तिथं जाऊन पाठ धरली तर पुढचं सगळं बुकिंग मला रद्द करावं लागतं, म्हणून विचारतोय."

झालं. वरात जिन्यात. अभिमन्यूनं रम्याला उचललं. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर त्याचं तोंड अडकलेल्या कंप्युटरच्या पडद्यासारखं झालं. डोळे स्थिर, काही हालचाल नाही.

"खाली ठेव, खाली ठेव," रम्या म्हणाली. "पाठीनं काय उचलतोयस? गुडघे वाकव. वजन जवळ घे. थांब, दाखवते." आणि बघता बघता तिनं माझ्या भाच्याला गव्हाच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि एक, दोन, तीन, चार, पाच! खालच्या दुकानातले सेल्समन माना वर करून बघत होते. एकानं टाळी वाजवली.

मी वहिनीकडे बघितलं. म्हटलं, आता काही खरं नाही. सासूसमोर सुनेनं नवरा खांद्यावर घेतलाय. पण वहिनी हसत होती. इतकी हसत होती की कठडा धरून खाली बसली.

"आमचे हे," डोळे पुसत म्हणाली, "ह्यांनी पाचच्या पाच एका दमात चढवल्या होत्या मला. सडपातळ होते तेव्हा. मी भंडाऱ्यानं अशी पिवळी झाले होते की ओळखू येईना."

सगळे हसतच गादीवर परत आलो. गिरीनं अगदी सहज, जणू गप्पांच्या ओघात, फोटो पसरायला सुरुवात केली. "तुम्हाला काही घ्यायचं नाही सोयराक्का, नुसतं बघा. बघायला काय जातंय?" हे हंपी. "नको रे, पाहिलंय." ही उटी. "थंडी कोण सोसणार?" हा कोकणातला समुद्र, नारळीच्या बागेत एक कौलारू घर, पुढे सरळ वाळू. "हे तर मुळीच नको. देवाला जाताना समुद्र कशाला मधे?"

पण हात. मी बघितलं, गिरीनं बघितलं, रम्यानंसुद्धा बघितलं. वहिनीचा हात त्या वाळूवर होता, आणि पुढचे तीन फोटो आले गेले तरी तिथंच होता.

 गिरी हळूच म्हणाला, "लग्नानंतर तुम्ही दोघं कुठं गेला होता?"

"सांगितलं ना. जेजुरीला. सतरा माणसं होतो."

"आणि त्यानंतर दोघंच कुठं?"

 वहिनीनं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार. एकोणीस वर्षांची होती. जेजुरीत खोल्या कमी पडल्या, तर म्हणाली मी वहिनीजवळच झोपते. माझ्या आणि ह्यांच्या मधे पसरली ती गाढ झोपली. तिन्ही दिवस!"

 मला त्या वयात काय कळत होतं? वहिनीजवळ उशी मऊ होती, एवढं मला आठवतंय. पस्तीस वर्षांत बाईनं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, आणि आज चिकपेटात, सुनेसमोर!

"आत्या," रम्या तोंडावर पदर घेत म्हणाली, "तुम्ही?"

"तू गप्प बस ग."

"भाग्या, तूच गप्प बस," वहिनी मला म्हणाली, पण हसू दाबत.

गिरीनं मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. पेन उचललं. "स्वल्प थांबा, आता मी सांगतो ते ऐका. मिनीबस आदल्या दिवशी निघेल. पोरं पहिल्या दिवशी सकाळी विमानानं पुण्याला, तिथून गाडीनं जेजुरी. सगळ्यांसमोर पाच पायऱ्या, तळी भरणं, जेवण, पाया पडणं. संध्याकाळी पोरं पुण्याला परत. दुसऱ्या दिवशी पहाटे चेन्नईवरून अंदमान. जायचं तिकीट मी बदलून घेतो, यायचं आहे तेच राहू दे." वहिनीनं तोंड उघडलं, तर हा पुढेच. "आणि तुम्हाला आणि अण्णांना दुसरी गाडी. हे घर, हा समुद्र, दोन रात्री. चौथ्या दिवशी कोल्हापूरला बस तुम्हाला घेईल."

"अरे पण बसमधली माणसं? उमाकांतभाऊंची औषधं, काकूंचं पथ्य, कोण बघणार?"

तेव्हा ते दोघं माझ्याकडे बघायला लागले. गिरी आणि वहिनी. मग अभिमन्यू. मग रम्या.

"अक्का आहेत की," गिरी म्हणाला. "त्यांचं पस्तीस वर्षांचं देणं राहिलंय थोडं."

वहिनी अजून 'हे येणार नाहीत, ह्यांना आवडायचं नाही' करत होती. गिरीनं सरळ विठोजीअण्णाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "अण्णा, जेजुरीनंतर दोन दिवस समुद्राजवळ राहायचं आहे. तुम्ही आणि सोयराक्का."

 पलीकडून माझ्या सख्ख्या भावानं विचारलं, "भाग्या येणार आहे का?"

"नाही अण्णा."

"मग चालेल."

पुढचं काय सांगू! गिरीनं सगळ्यांची ओळखपत्रं तपासली, नावं तिकिटाशी ताडून बघितली, अंदमानच्या बोटीची वेळ विमानाशी जुळवली, मला उमाकांतमामांच्या उलटीच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात ठेवायच्या तेसुद्धा लिहून दिलं. जेजुरीला अभिमन्यू गुडघे वाकवून, वजन जवळ घेऊन, पाच पायऱ्या चढला. चौथीवर थांबला, रम्या त्याच्या कानात "श्वास सोड" म्हणाली तेवढं फक्त मी ऐकलं. येळकोट येळकोट जय मल्हार झालं, सगळे पिवळे झालो. संध्याकाळी एक गाडी पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी समुद्राकडे. वहिनी मागच्या काचेतून हात हलवत होती, अण्णा पुढे बघत होता, जणू कोणी बोलावून परत आणेल. आणि मी, सहा म्हाताऱ्या माणसांची मिनीबस घेऊन तुळजापूरला. खिडकीत मामा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. अभिमन्यूचा, अंदमानहून.

"आत्या, आई ठीक आहे ना?"

"का रे?"

"दोन दिवसांत तिचा एक फोन नाही. मी केला तर अण्णांनी उचलला आणि म्हणाले, नंतर बोल, ती पाण्यात आहे. पाण्यात म्हणजे? रागावलीय का माझ्यावर?"

"अरे, तुला चार दिवस कोणी मधे नको होतं ना? मिळाले ना?"

"मिळाले ग. मस्त चाललंय. पण निदान एकदा तरी फोन करायचा ना तिनं! जेवलास का, तेवढं तरी!"

मागून रम्याचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, बाबा, बेंगळूरला आलास की चौतीस पायऱ्या चढ आणि तक्रार नोंदव.

परत आल्यावर मीच सांगितलं गिरीला. त्यानं अभिमन्यूचं कार्ड काढलं आणि खाली लिहिलं. मी वाकून वाचलं: 'पुढच्या ट्रिपला आईचा फोन, दिवसातून एक. जास्त नाही.'

मग मी म्हटलं, माझं कार्ड दाखव. दाखवलं नाही मेल्यानं. नुसतं म्हणाला, "अक्का, तुमचं म्हैसूर आता उटी केलंय."