आक्कांनी न केलेली सही

दहिफळेआक्कांनी मला पहिल्याच भेटीत निवृत्त केलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि शेवगावच्या सरकारी कचेरीत त्याच सकाळी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो होतो. पेढे वाटत लेखा शाखेत गेलो, तर टेबलामागच्या बाईंनी पेढा उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि विचारलं, "जन्मतारीख काय रं?"

"एक जून."

"म्हंजी एकतीस मेला घरी. मास्तरानं दोन तारीख टाकली असती तर म्हैनाभराचा पगार जास्ती मिळाला असता."

आमच्याकडे निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली असतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सुचते. आणि एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीलाच निवृत्त होतो, बाकीच्यांना तो महिना पुरा मिळतो. माझी निवृत्ती चौतीस वर्षं लांब होती आणि बाईंना आत्ताच त्या महिन्याभराची हळहळ वाटत होती. नव्या माणसाला त्या नाव नंतर विचारत, जन्मतारीख आधी.

आक्का वरिष्ठ लिपिक होत्या. ठसठशीत कुंकू, नाकावर घसरलेला चष्मा आणि टेबलाच्या खणात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. अख्ख्या कचेरीची पगारबिलं त्यांच्याकडे असल्यामुळे कोणाच्या पगारातून काय कापलं जातं, ते त्यांना त्या माणसाच्या बायकोआधी कळायचं. नव्या पोरांना त्या एकच गोष्ट ऐकवत. "आमाला म्हातारपनी सरकार पोसंल. तुमची पेन्शन बाजाराच्या भरवशावर. तवा तुमचं तुमालाच बघायचंय, आन तेबी आत्तापासून." जुनी पेन्शन की नवी यावर कँटीनमध्ये तासन्‌तास भाषणं चालत. आक्का त्यात पडत नसत. त्यांनी मला हाताला धरून पोस्टात नेलं आणि पीपीएफचं खातं उघडायला लावलं.

आता माझी खरी अडचण. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी बहिणीच्या लग्नासाठी मी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. सोसायटी म्हणजे आमची कर्मचाऱ्यांची पतसंस्था. तिचा हप्ता परस्पर पगारातून जातो, त्यामुळे कर्ज फेडल्याचं दुःख होत नाही आणि काढल्याचीही लाज वाटत नाही. महागाई भत्त्याचा पहिला फरक, म्हणजे मागच्या महिन्यांची थकलेली वाढ, हातात आला, तेव्हा आक्कांची शाबासकी मिळवायची म्हणून मी सगळा पीपीएफमध्ये टाकला. पावती दाखवली, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

"आन कर्जाला व्याज भरतोस त्याचं काय? सोसायटी घेती तेवढं पोस्ट देतं व्हय तुला?"

"मग पुढचा फरक सगळा कर्जातच भरतो."

"आन म्हातारं कोन व्हनार, मी? आरं, अर्धा मागं, अर्धा म्होरं."

मागं म्हणजे कर्जाला आणि म्होरं म्हणजे म्हातारपणाला. इतका सोपा हिशेब मला कोणत्याही सल्लागाराने सांगितला नव्हता. मी तो दीड-दोन वर्षं नेमाने पाळला. मग माझी बुद्धी फिरली.

कचेरीत एक रीत होती. कर्ज अर्ध्यावर आलं की ते नवं-जुनं करायचं, म्हणजे त्याहून मोठं कर्ज काढायचं, त्यातून जुनी बाकी भागवायची आणि उरलेले पैसे घरी न्यायचे. हप्ता थोडासा वाढतो, हातात मात्र घसघशीत रक्कम पडते. माझं अर्ध्याहून जास्त फिटलं होतं. घरी माझ्या लग्नाचं बघत होते आणि आई म्हणत होती, "सरकारी नोकरीवाला नवरदेव, मुलगी बघायला यष्टीनं जायचा का?" मी जुनी का होईना, चारचाकी घ्यायचं ठरवलं. अर्जाला दोन जामीनदार लागत. एकाची सही झाली होती. दुसऱ्या सहीसाठी मी चटणीची बरणी उघडी असताना, म्हणजे आक्का खुशीत असताना, त्यांच्यापुढे अर्ज ठेवला.

त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "मी न्हाई सही करायची."

"आक्का, सगळेच करतात."

"म्हनून तर. दोन वर्सात सुटशील. आता पुन्ना आत घुसू नको."

सगळी शाखा ऐकत होती. माझे कान तापले. मी म्हणालो, "तुमचं बरंय, तुम्हाला पेन्शन आहे. आमच्या अडचणी तुम्हाला काय कळणार?"

आक्का एवढंच म्हणाल्या, "व्हय, खरंय तुजं," आणि बिलं तपासायला लागल्या.

आक्कांनी नाकारलेल्या अर्जावर सही करायला मग कोणीच धजावलं नाही. मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या चटणीकडे बघितलंसुद्धा नाही आणि हा त्याग मोठा होता. पुढे माझं लग्न एसटीनंच जमलं. सासरे म्हणाले, मुलगा कर्जबाजारी दिसत नाही. मी खाली मान घालून पोहे खाल्ले.

कर्ज फिटलं, राग त्याच्या आधीच कधीतरी निवळला. माझी बदली लेखा शाखेत झाली आणि आक्का निवृत्त होणार, तेव्हा त्यांच्या निवृत्तीवेतनाचं प्रकरण तयार करायचं काम माझ्याकडे आलं. कागद लावता लावता एक संमतीपत्र हाताला लागलं. "सोसायटीची बाकी माझ्या उपदानातून वळती करावी," असं त्यावर लिहिलं होतं. खाली आक्कांची सही होती. रक्कम बघून मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा कागद चुकून आलाय. उपदानातलं, म्हणजे निवृत्तीला एकरकमी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीतलं, निम्म्याहून जास्त जात होतं.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. आक्कांनी चष्मा वर सरकवला.

"बावीस वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "मालकांचं आजारपन, मंग पोरीचं शिक्शान, मंग घराचा स्लॅब. दर बारीला नवं-जुनं केलं."

"आणि आम्हाला मात्र..."

"आरं, मला कुनी न्हाई म्हनलंच न्हाई. मागितली की सही मिळायची. लई चांगली मानसं हुती सगळी."

मी त्यांना 'आमच्या अडचणी तुम्हाला काय कळणार' म्हणालो होतो, ते आठवून इतकी शरम वाटली की कागद पंच करताना भोक भलतीकडेच पडलं.

"नीट लाव," आक्का म्हणाल्या. "पेन्शन आडकंल माजी."