शनिवारचं बंद दुकान

कुठलीही वस्तू हातात आली की साहेब आधी ती उलटी करून बघायचे. कप दिला तर कपाचा तळ, पुस्तक दिलं तर मागचा पुठ्ठा. दिवाळीत माझ्या आईनं दिलेला बेसनाचा लाडूसुद्धा त्यांनी खालून पाहिला आणि मगच तोंडात टाकला. आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "त्या मानसाला लाडवाखाली काय दिसनार व्हतं?" बाबा म्हणाले, "तपासनीस हायेत ते. त्यांचा हात ऐकत नाय त्यांचं."

ते खरोखरच तपासनीस होते. मुंबईच्या गोदीत परदेशातून येणाऱ्या लोकांच्या पेट्या उघडून बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर ते पनवेलला, सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत राहायला आले. पनवेलात तेव्हा ज्यूंची बरीच घरं होती, हे तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. ते आपल्यासारखंच मराठी बोलायचे, आपल्यासारखाच भात-कालवण जेवायचे, फक्त शनिवार कडक पाळायचे. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नसे. साहेबांच्या चुलतभावाचं बाजारात तेलाचं दुकान होतं, तेही शनिवारी बंद.

गावाला त्यांचा संशय यायचा आणि त्यांना गावाचा. दूधवाला वेळेवर आला तर ते विचारायचे, "आज लवकर कसा? पाणी घालायला वेळ मिळाला नाही का?" आणि उशिरा आला तर काय विचारायचे ते तुम्हीच ओळखा. एकदा शेजारच्या आजोबांनी त्यांना रस्त्यात थांबवून "बरे आहात ना?" असं विचारलं. हे घरी येऊन दिवसभर अस्वस्थ. बायकोला म्हणाले, "सहा वर्षांत कधी विचारलं नाही. आज काय झालं?" बाई बिचारी शांत स्वभावाची होती. तिनं संध्याकाळी जाऊन आजोबांनाच विचारून टाकलं. आजोबांना काहीच झालं नव्हतं. त्यांनी नुसतंच विचारलं होतं.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो एका प्रवेशपरीक्षेमुळे. साठ-एकसष्टचा सुमार असेल. मुंबईत मुलींना इमारतींचे नकाशे काढायला शिकवणारी एक संस्था होती. मॅट्रिक झालेल्या मुलींना परीक्षा घेऊन घेत, आणि त्या परीक्षेत गणित आणि चित्रकलेच्या जोडीला तर्काचे प्रश्न असत. अमका तमक्याहून उंच, तमका ढमक्याहून बुटका, तर सर्वांत उंच कोण, अशा जातीचे. शाळेत हे कुणी शिकवत नव्हतं. मी परीक्षेत नापास झाले असते तर उरणच्या एका मिठागरवाल्यांच्या घरी माझं जवळजवळ ठरलेलंच होतं. मुलगा वाईट नव्हता. पण मला नकाशे काढायचे होते.

माझ्याबरोबर कुसुमही परीक्षेला बसणार होती. तिला वडील नव्हते, आई लोकांकडे पोळ्या लाटायची. मला निदान मिठागर तरी होतं. कुसुमला ही परीक्षा सोडली तर पोळपाट-लाटणंच होतं. कुणीतरी सांगितलं, गोदीतले साहेब खात्याच्या परीक्षांसाठी नव्या पोरांना असले प्रश्न शिकवायचे. आम्ही दोघी भीत भीत त्यांच्या ओटीवर गेलो.

त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. मग विचारलं, "माझ्याकडे कुणी पाठवलं? आणि का?" उत्तराआधीच म्हणाले, "बरं, बसा. सगळे कोळी पोहतात. गणपत पोहतो. तर गणपत कोण?"

मी म्हटलं, "कोळी."

"हे प्रश्नात दिलंय, की तू मनानं धरलंयस?"

मी कुसुमकडे पाहिलं.

"बदकही पोहतं. त्याला कोळीवाड्यात घर देशील का?"

कुसुम फिस्सकन हसली. तेही थोडं हसले, पण लगेच सावरले. हसणाऱ्या माणसाच्या पेटीत हमखास काहीतरी असतं, असं त्यांचं मत होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, शुक्रवार-शनिवार सोडून, आम्ही त्यांच्या ओटीवर. प्रत्येक वाक्याला त्यांचं एकच विचारणं: दिलंय, की धरलंयस? आम्हालाही ती खोड लागली. बाबा म्हणाले की उद्या पाऊस येईल, तर मी विचारायची, कशावरून. बाबा डोक्याला हात लावायचे. एकदा ते साहेबांना द्यायला कोलंबी घेऊन आले. साहेब म्हणाले, "खवले नसलेलं आम्हाला चालत नाही." पुढच्या वेळी बाबांनी चांगला हातभर जिताडा आणला आणि अभिमानानं पुढे धरला. साहेबांनी तो उलटा केला, कल्ला उघडला, खवले बोटानं खरवडून पाहिले आणि म्हणाले, "ताजा दिसतो." बाबा परत येताना म्हणाले, "दिसतो म्हनं. मासा सवता येऊन सांगेल तवाच यांचा इश्वास बसंल."

आता त्या दुकानाची गोष्ट. एकदा त्यांनी घातलेला प्रश्न असा होता: एक दुकान रविवारी बंद असतं. आज ते बंद आहे. तर आज कोणता वार? आम्ही दोघी एका दमात म्हणालो, रविवार. त्यांनी पुढचा प्रश्न घातला. त्या शनिवारी सकाळी मात्र, प्रार्थना आटोपून पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, ते आम्हाला बाजारात घेऊन गेले आणि चुलतभावाच्या दुकानासमोर उभं केलं. फळ्या लावलेल्या होत्या.

"दुकान?"

"बंद."

"वार?"

"शनिवार."

"मग?"

आम्ही खजील झालो. रविवारी बंद असतं म्हणजे इतर दिवशी उघडं असतं असं कुणी म्हटलंच नव्हतं. आम्हीच धरलं होतं. या धड्यावर ते इतके खूश झाले की पुढे महिनाभर रोज तोच प्रश्न कपडे बदलून यायचा. कधी न्हाव्याचं दुकान, कधी वाण्याचं, कधी पिठाची गिरणी. शेवटी शेवटी नुसतं "दुकान बंद" एवढं कानावर पडलं की आम्ही आरती म्हटल्यासारखं सुरू करायचो, "दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही, दुकान शनिवारीही बंद असू शकेल."

परीक्षा मुंबईत झाली. मी एका बाकावर, कुसुम बरोबर माझ्या मागच्या. पेपर बरा गेला. पंधरवड्यानं बोलावणं आलं ते मात्र भलतंच: दोघींनी पालकांसह आणि शिकवणाऱ्यांसह संस्थेत हजर व्हावं, उत्तरपत्रिकांबद्दल शंका आहे.

कुसुमच्या आईला काम सोडून येणं जमलं नाही. माझे बाबा आले आणि साहेब आले, गोदीतला जुना कोट घालून. संस्थेच्या मुख्य बाई उंच, चष्मा लावणाऱ्या आणि फार कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आमचे दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि एक प्रश्न वाचून दाखवला. "एक दुकान रविवारी बंद असते. इतर सर्व दिवशी ते उघडे असते. आज ते बंद आहे. तर आज कोणता वार?"

दुसरं वाक्य मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं.

"रविवार," बाई म्हणाल्या. "परीक्षेतला सगळ्यांत सोपा प्रश्न. बाकी सगळ्या मुलींनी रविवार लिहिलंय. या दोघींनीच लिहिलंय की सांगता येत नाही, शनिवारही असू शकेल. शब्दन् शब्द सारखा. चूक तीच आणि बाक पुढचा-मागचा."

बाबा उठून उभे राहिले. "माजी पोर तशी नाय, बाईसायेब."

"बसा," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी पुढे होती. तिला मागचं दिसणं शक्य नाही. तेव्हा नक्कल झाली असेल तर ती मागच्या मुलीनं केली. तुमच्या मुलीला मी घेते. हिचं मात्र मला बघायला हवं."

कुसुम खाली बघत होती.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "तो शनिवार माझा आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं. तेलाचं दुकान, फळ्या, महिनाभराची घोकंपट्टी. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. "दिलेलं नीट वाचा म्हणून शिकवलं आणि इतकं शिकवलं की यांनी वाचायचं सोडलं. चूक मी शिकवली. दोघींना सारखीच शिकवली."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे पटण्यासारखं आहे. चूक सारखी का, हे कळलं. पण म्हणून नक्कल झालीच नाही असं ठरत नाही. दोन्ही शक्य आहे. बरोबर?"

"बरोबर," साहेब म्हणाले.

"तुम्ही तिथं नव्हता."

"नव्हतो."

"मग या मुलीनं नक्कल केली नाही, असं तुम्ही सांगू शकता का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर मला ठाऊक होतं. त्यांनीच ते आमच्याकडून हजारदा म्हणवून घेतलं होतं. जन्मभर या माणसानं त्याशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं, आणि आता ते म्हटलं की कुसुम संपली. मला त्यांचा राग येऊ लागला, अजून त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं तरी.

"सांगतो," ते म्हणाले. "तिनं नक्कल केलेली नाही."

"कशावरून?"

ते टेबलाकडे बघत म्हणाले, "कशावरून नाही. मी सांगतो आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाल्या की दोघींना पहिल्या सहामाहीपुरतं घेते, काम पाहून पुढचं ठरवीन. बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. साहेबांनी केला नाही. ते घाम पुसत होते.

परत येताना एस.टी. ठाण्यावरून वळसा घालून येत होती. कुसुम आणि बाबा पुढच्या बाकावर झोपले होते. मी साहेबांच्या शेजारी. माझ्या मनात एक गोष्ट सकाळपासून ठुसठुसत होती. परीक्षेच्या त्या तासात कुणीतरी माझ्या खांद्यावरून वाकल्याचं मला जाणवलं होतं. मानेला श्वास लागला होता. कुसुम खाली पडलेली पेन्सिल उचलत असेल, नाहीतर नसेलही. मला माहीत नव्हतं. पण ज्यांनी आमच्यासाठी आपला शब्द टाकला त्यांना हे न सांगणं मला लबाडीचं वाटत होतं.

मी हळूच म्हटलं, "साहेब, परीक्षेत कुसुम माझ्या मागे होती ना, तेव्हा..."

"तुला कुणी विचारलंय का?" ते म्हणाले.

सगळ्या जगाला खोदखोदून विचारणारा तो माणूस खिडकीतून बाहेर बघत होता. थोड्या वेळानं म्हणाले, "भूक लागली असेल. पनवेल आलं की काहीतरी खाऊ." आणि खरंच त्यांनी आम्हाला एस.टी. स्टँडवर भजी खाऊ घातली. स्वतः मात्र तेल कसलं आहे म्हणून एकही खाल्लं नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाला शिकवलं नाही. मुली विचारायला यायच्या, तर म्हणायचे, "मला येत नाही नीट." दोनेक वर्षांनी ते आणि त्यांची बायको इस्रायलला मुलीकडे गेले. तिकडे संत्री फार गोड असतात असं मुलगी सांगत होती. यांना ते पटलेलं नव्हतं, तरी गेले. निरोप द्यायला आम्ही दोघी गेलो होतो. कुसुम त्यांच्या पाया पडली तर ते इतके गोंधळले की उलट तिलाच नमस्कार करून बसले.

कुसुमचं काम माझ्यापेक्षा चांगलं निघालं. तिच्या रेघेला हात लावायची गरज पडत नसे. पुढे आम्ही दोघी एकाच कचेरीत लागलो, समोरासमोरच्या टेबलांवर. वर्षानुवर्षं मी मान वर केली की कुसुमच दिसायची, आणि खरं सांगते, कधी कधी तिच्याकडे बघताना तो मानेला लागलेला श्वास मला आठवायचा. संशय ही फार चिवट गोष्ट आहे. मैत्रीत राहूनही ती उपाशी मरत नाही.

एके दिवशी दुपारी साहेबांची भाची कचेरीत आली आणि ते तिकडेच वारल्याचं सांगून गेली. शिपायानं नुकताच चहा आणून ठेवला होता. कुसुमनं टाक खाली ठेवला आणि ती रडायला लागली. मलाही रडू आलं. आमचे कुणीच नव्हते ते, आणि आमचं सगळंच त्यांच्यामुळे होतं.

बऱ्याच वेळानं कुसुम डोळे पुसत म्हणाली, "तुला एक सांगायचंय गं. किती वर्षं सांगीन म्हणते. त्या परीक्षेत..."

मी तिचा हात धरला. मला ऐकायचं होतं. देवाशपथ, फार ऐकायचं होतं.

"कुसुम," मी म्हटलं, "तुझा चहा निवतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं कप उचलला, आणि आम्ही दोघींनी गार झालेला चहा प्यायला.