आक्काच्या कपाटातली चिलीम

आमची आक्का चिलीम ओढत नव्हती.

आज सकाळी ती गेली, आणि तिच्याबद्दल पहिलं वाक्य मला हे लिहावं लागतंय.

आक्का म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. बेंगळुरूत, बसवनगुडीतल्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं.

तिला नेसवायला साडी हवी म्हणून काकूंनी कपाट उघडलं. इरकलीच्या घडीखाली, रुमालात गुंडाळलेली मातीची चिलीम निघाली.

काकूंनी आधी ती हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं.
"बघ. मी म्हणत नव्हते?"

दुपारपर्यंत जिन्यात, गेटपाशी, फोनवर, सगळीकडे तेच. हळू आवाजात. शेजारच्यांनी आणलेली कॉफी पिता पिता.
कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. मग डिलीट केला. तोवर सगळ्यांनी पाहिला होता.

म्हणून ही पोस्ट.

चिलीम आबांची. आबा म्हणजे आक्काचे आजोबा. निपाणीजवळच्या गावात राहायचे. सुट्टीत आक्का तिकडे गेली की चिलमीची सगळी उस्तवार तिच्याकडे.

चिलमीच्या आत एक खडा असतो, तंबाखू तोंडात येऊ नये म्हणून. खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळतात, ती छापी. धूर तिच्यातून गार होऊन येतो.
आत काळा कीट साचला की खडा काढून ठेवायचा आणि चिलीम निखाऱ्यात घालायची. कीट जळून जातो. निवल्यावर आतून चिंधी ओढायची. माती पुन्हा नव्यासारखी.

खडा आधी काढायचा. हे आबांनीच तिला शिकवलेलं.

साठ सालानंतर कधीतरी, बायको गेल्यावर, आबा बेंगळुरूला मुलाकडे आले. मुलगा म्हणजे माझे आजोबा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर, घर भाड्याचं. वरच्या कानडी मालकीणबाई जरा वास आला की जिन्यातूनच, "एन्री, कसला वास?"

त्यात आबांचा खोकला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. आबांनी देवासमोर शब्द दिला.
आजोबांनी वर बजावलं, "पुन्हा चिलीम दिसली तर गावी पोचवून येईन."

गावी कुणी नव्हतं. घराला कुलूप होतं.

तेव्हापासून माझी आजी आबांच्या खोलीवरून जाताना जरा थांबायची. खोकला ऐकायची. उशीचा अभ्रा धुवायच्या आधी हुंगायची.

आणि एका सकाळी, भांड्यांसाठी बंबातली राख चाळताना, चाळणीत खडा आला.

आजीने तो ताटलीत घालून सगळ्यांसमोर ठेवला.
"मामंजी, हे काय?"
"खडा आहे."
"बंबात कसा आला?"
"लाकडाबरोबर आला असेल."
"लाकडाबरोबर इतका गुळगुळीत?"

आबा खड्याकडे बघत राहिले. चिलीम बंबाच्या निखाऱ्यात घालताना घाईत काढायचा राहिला असणार.

आजोबा शांतपणे म्हणाले, "आबा, बॅग भरा. संध्याकाळच्या गाडीने निघू."

तेव्हा आक्का बोलली. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं तिचं.
"मी ओढली."
"काय?"
"आबांच्या ट्रंकेतून घेतली. कशी लागते बघायचं होतं. साफ करून ठेवणार होते."

आजी उठून तिच्यापुढे आली.
"तोंड उघड."
आक्काने उघडलं. आजीने हुंगलं. काहीच वास नव्हता.
"लवंग खाल्लीस."

खडा आजीने खिडकीतून अंगणात भिरकावला. बॅग भरली गेली नाही. आबा शेवटपर्यंत त्याच घरात राहिले.

आक्का मात्र रोज कॉलेजातून आली की दारातच थांबायची. तोंड उघडायचं, हुंगून घ्यायचं, मग चप्पल काढायची.

धारवाडचं एक चांगलं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. ती मंडळी अचानक गप्प झाली. कुणी कळवलं, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यांचा सगळ्यांवर संशय आहे.

मी एकदा तिला विचारलं होतं.
"आबांनी खरंच ओढली होती का गं?"
"ठाऊक नाही. कायमची ठेवून द्यायला साफ करत असतील. किंवा ओढलीही असेल."
"तू विचारलं नाहीस?"
"शब्द दिला होता त्यांनी. मी कशाला विचारू?"
"आणि तू? कधीच नाही?"
तिने चेहरा माझ्याजवळ आणला. "तू पण हुंग."
मी हसून तिला ढकललं. घरी आल्यावर वाटलं, ती हसत नव्हती.

आज काकूंचा मुद्दा एकच आहे. छापी नवी आहे. मागच्या दिवाळीत मीच आक्काला घेतलेल्या पांढऱ्या साडीचा तुकडा. "म्हणजे आत्ताआत्तापर्यंत चालू होतं."

सगळे तिला घेऊन गेल्यावर मी चिलीम हातात घेतली. वास आहे. जुन्या मातीत मुरलेला तो जात नाही.
पण छापी पांढरी आहे. एकदा जरी ओढली तरी छापी तपकिरी होते, आणि ते डाग धुऊन निघत नाहीत. ही कधी भिजलेलीसुद्धा नाही.
आक्का फक्त छापी बदलत होती. जुनी काढून नवी. इतकी वर्षं.

आत खडा आहे. काळा, गुळगुळीत. आजीने फेकलेला तोच की दुसरा, मला कळायला मार्ग नाही. पण तो शोधायला आक्का अंगणात उतरली असेल, असं मला वाटतं.

मी छापी काकूंना दाखवली.
त्यांनी नीट, उजेडात धरून पाहिली.
"नवीन बांधून ठेवली असेल," त्या म्हणाल्या.

आक्का, तुला माझा मनापासून नमस्कार.
आता जिथे जाशील तिथे दारात थांबू नकोस. सरळ आत जा.