आम्ही दोघींनी लिहिलेली पोरगी

आठवीत असताना आमच्या गावातून ताडकळसच्या शाळेला दोघीच मुली चालत जायच्या. एक मी आणि दुसरी ती. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, स्वतःची जमीन, दोन बैलजोड्या. ती खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतली. तिची माय आमच्याच रानात खुरपायला यायची. सकाळी ती आमच्या घरापासून थोडी लांब, कडुनिंबाखाली उभी राहायची.

"आत ये की," मी म्हणायची.

"हितंच बरी हाय मी," ती म्हणायची.

का, ते मी कधी विचारलं नाही. ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नसेल.

शाळेची वाट तासाभराची होती. अर्ध्या वाटेवर एक जुनी बारव होती. पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत गेलेली, तळाला हिरवं पाणी, आणि पाण्यालगत भिंतीत दगडांनी बुजवलेलं एक दार. परतताना आम्ही वरच्या पायरीवर बसून डब्यातली उरलेली भाकरी खायचो. एकदा मी सहज म्हणाले, त्या दाराच्या पलीकडं एखादं गाव असेल. तिनं वाकून त्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "आसंल. पन तिथं गेलेल्या मानसाला वरचे लोक इसरून जात आसतील."

गोष्ट तिथून सुरू झाली. दोनशे पानी वहीत एक दिवस मी लिहायचे, एक दिवस ती. बारवेखाली राखेची राणी राहत होती. दर अमावस्येला वरच्या गावातून एक माणूस नाहीसं व्हायचं, आणि सकाळी उठून गाव त्या माणसाला साफ विसरलेलं असायचं. त्याचं ताट कुणी वाढायचं नाही, त्याची गोधडी दुसरंच कुणी पांघरायचं. गोष्टीतल्या आमच्या पोरीची थोरली बहीण अशीच गेली. आई-बापाला आठवेना, हिला मात्र सगळं आठवत होतं. म्हणून ही एकटी बारव उतरायला निघाली. राणीच्या पहारेकऱ्यांना चेहरे नव्हते. पुढच्या पायरीवर पाय ठेवू द्यायला ते हिच्याकडून एक एक आठवण मागून घ्यायचे.

माझ्यापेक्षा ती फार चांगलं लिहायची. तिचं वाचताना भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. एका भागात मी पोरीला वाचवायला घोड्यावरचा राजपुत्र आणला होता. दुसऱ्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं धरली. राजपुत्रावर आडवी रेघ मारलेली होती.

"ह्याला कशाला आनलंस? हिला हात न्हाईत का?"

"एकटीला कसं जमंल?" मी म्हणाले.

"एकटीच हाय ती. मग जमवायलाच पायजे."

मग तिनंच पोरीच्या कमरेला विळा दिला. पोरीचा रंगही तिनंच ठरवला, तव्यासारखा काळा. मी तिला लांब केस दिले होते, ते तिनं कापून टाकले. अंधारात कुणी धरील म्हणाली.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, हे लोक पुढं कितीतरी वर्षं अभिमानानं सांगत. झालं ते आमच्या ओसरीवर झालं. दहा-बारा माणसं बसली होती आणि मी चहा घेऊन गेले होते. आबा, म्हणजे माझे वडील, आवाज न चढवता बोलत होते. खालच्या अंगाच्या कुणाला रानात बोलवायचं नाही, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाही, दुकानातून काही द्यायचं नाही. मी एकेकाच्या हातात कप देत गेले. आत आल्यावर माय म्हणाली, "काई दिवस शाळा न्हाई. आन् त्या पोरीशी बोलायचं न्हाई."

मी बरं म्हणाले.

आठवड्याभरानं मी आबांबरोबर बैलगाडीतून रानातून येत होते. फाट्यावर तिची सगळी माणसं एसटीची वाट बघत उभी होती. एक लोखंडी पेटी, दोन बोचकी, टोपलीखाली कोंबडी. ती कडेला होती, खांद्याला शाळेची पिशवी. पिशवीत आमची वही असणार, कारण लिहायची पाळी तिची होती. आमची पोरगी तेव्हा शेवटच्या पायरीवर, त्या दारासमोर उभी होती. मला बघून तिनं हात थोडासा उचलला.

"खाली बघ," आबा म्हणाले.

मी खाली बघितलं. गाडीच्या फळीवर ज्वारीचे चार दाणे पडले होते. गाडी वळेपर्यंत मी तेच बघत राहिले, आणि वळल्यावरही.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मी एकटीच जाऊ लागले. वाटेत बोलायला कुणी नसायचं. बारवेवर मी थांबत नव्हते. नवी वही आणून पुढचं लिहायला बसले, पण माझी पोरगी दारासमोर नुसतीच उभी राहायची, नाहीतर रडायची. विळा तिच्या हातात शोभेना. वीस-बावीस पानं झाल्यावर मी ती वही गणिताला वापरून टाकली.

दिवाळीपर्यंत खालच्या अंगाच्या तिच्या घराची एक भिंत ढासळली. बायका टोपल्या घेऊन गेल्या आणि तिथली पांढरी माती घरं सारवायला घेऊन आल्या. आमची माय पण गेली. मी तिला विचारलं, "ते लोक कुठं गेले असतील गं?"

"कोन?" माय म्हणाली. हात न थांबवता तिनं भिंत सारवली.

मी दहावी केली, लग्न होऊन परभणीला आले. त्या पावसाळ्यानंतर बारा-तेरा वर्षांनी लेकीला ट्रिपलचा डोस द्यायला दवाखान्यात गेले. टेबलाशी बसलेल्या सिस्टर कार्ड भरत होत्या. माहेरचं गाव विचारलं. मी सांगितलं, तसं त्यांचं पेन थांबलं आणि त्यांनी वर बघितलं. तीच होती.

"ओळखलंस?" मी म्हणाले.

"ओळखलं," ती म्हणाली. "बाळाचा पाय घट्ट धरा."

सुई टोचून झाली, लेक रडून शांत झाली. मी वहीचं विचारलं.

"नांदेडला मामाच्या एका खोलीत आमी आठ जन होतो. पावसात भिजली. टाकून दिली."

"पुढचं लिहिलं होतंस का?"

"लिवलं होतं की. दार उघडून आत गेली ती."

"मग?"

"मग लय काय काय झालं. आता ध्यानात न्हाई."

मी म्हणाले, "त्या दिवशी फाट्यावर मी..."

"तुमच्या वडलांनी खाली बघायला लावलं, ते बघितलं होतं मी." तिनं कापसाचा बोळा डब्यात टाकला. "गाडी वळल्यावर बी तू वर बघितलं न्हाईस, ते बी बघितलं."

तेवढ्यापुरतं ती मला तू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "महिन्यानं दुसरा डोस हाय, चुकवू नका," असं सांगून तिनं पुढच्या बाईला बोलावलं.

महिनाभर मी मनात वाक्यं जुळवत होते. तिला घरी जेवायला बोलवायचं, काय स्वयंपाक करायचा, हेही ठरवलं होतं. दुसऱ्या डोसला गेले तेव्हा टेबलाशी दुसऱ्याच सिस्टर होत्या. तिची बदली झाली होती. आया म्हणाली गंगाखेडला, शिपाई म्हणाला जिंतूरला. नीट कुणाला विचारावं तर माझ्यामागं लेकरं घेतलेल्या बायकांची रांग होती आणि सिस्टर घाईत होत्या. मी कार्ड पिशवीत टाकलं आणि बाहेर आले.