न घेतलेली पहार

सोळा नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर. अकरा माणसे गेली.

त्यांतला एक नाववालीचा बाप. लोखंडाच्या भट्टीवर त्याला सगळे बगळा म्हणत. आच सोसवेना की तो एका पायावर उभा राही आणि मग पाय बदली. वितळलेला रस बाहेर सोडण्यासाठी भट्टीचे तोंड फोडणाऱ्या या माणसांचा एक दंडक होता: पाळी संपल्याचा भोंगा वाजला तरी, बदलीवाला येऊन आपल्या हातातली पहार घेईपर्यंत जागा सोडायची नाही. भट्टी क्षणभरही बेवारस राहू नये, एवढाच त्याचा अर्थ. बगळ्याने एकदा पहार भिंतीला टेकवून ठेवली, तेव्हा मुकादमाने सर्वांदेखत त्याच्या कानशिलात लगावली. डबा घेऊन आलेल्या मुलीने ते पाहिले होते.

त्या दिवशी बदलीवाला आजारी होता; त्याच्या जागी मुकादमच पहार घेणार होता. तो आला, भट्टीच्या पोलादी कवचावर उमटलेला, ते आता फुटणार असे सांगणारा लाल डाग त्याने पाहिला आणि आल्या पावली परतला. कवच फुटले तेव्हा पहार बगळ्याच्याच हातात होती.

कारखाना पुढे बंद पडला. भट्टीतून निघालेल्या धातुमळीच्या ढिगावर माती टाकून हिरवळ लावण्यात आली, भट्टीला पाणी पुरवणाऱ्या तलावाला रंगीत कठडे आले, आणि सगळ्याचे मिळून उद्यान झाले. प्रवेशद्वाराशी शिळा बसली: ‘संकटसमयी स्वेच्छेने जागेवर थांबलेल्या कामगारांस.’ लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. ‘स्वेच्छेने’ हा शब्द मुकादमाने अपघाताच्या चौकशीत दिलेल्या साक्षीतून आला. एखाद्याला मरायला उभे करावे आणि वर त्याला शूर ठरवून मोकळे व्हावे, यापेक्षा स्वस्त सुटका समाजाला अजून सापडलेली नाही.

नाववालीने या उद्यानात नाव वल्हवण्याची नोकरी धरली ती एकाच आशेवर. म्हातारी माणसे कधी ना कधी पाण्याकाठी येतात. मुकादमही आला, एका रविवारी, सुनेचा हात धरून. बोटीत मळमळतं, तुम्हीच फिरून या बाबा, मलाही जरा उसंत, असे म्हणून सून बाकावर बसली.

तलावाच्या मध्यभागी पाणी खेचण्याचा जुना दगडी बुरूज आहे. नाववालीने नाव तिथे लावली, वल्ही म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः बुरुजाच्या पायरीवर उतरली. नावेचा लांब दोर तिच्या मुठीत होता. पाण्याखालून गेल्यामुळे तो त्याला दिसत नव्हता. नाव हळूहळू दूर सरकली.

“अहो बाई, हे काय? मला नाही येत वल्हवायला.”

“वल्हवायचं कुठंय? नुसतं धरून बसायचं. बदलीवाला आला की सुटलात.”

तो टक लावून पाहत राहिला. मग, कोणाची गं तू, असे त्याने विचारले.

“बगळ्याची. डबा आणायचे मी.”

“मला वाटलं,” तो म्हणाला, “मी निघालो हे बघून तोही निघेल.”

“हातात पहार असताना? त्याच्या कानाखाली कोणी काढला होता जाळ?”

माझी पोरे तेव्हा लहान होती, असे तो म्हणू लागला. मीही लहानच होते, असे तिने ऐकवले. मग तिने आपली अट घातली: हेच काठावर, शिळेपाशी, सुनेदेखत बोलायचे. त्याने मुलाबाळांची शपथ घेतली. त्यासाठी त्याने हात वर केला. एक वल्हे निसटून पाण्यात पडले, ते धरायला तो वाकला आणि नाव कलली; ताणलेल्या दोरानेच ती सावरली होती.

दोर सोडायला बोटे उलगडणे पुरेसे होते. तिने ती उलगडलीही. मग पुन्हा मिटली, कारण मुकादम बुडाला असता तर खरे त्याच्यासोबतच बुडाले असते, आणि कोणीतरी त्याचीही शिळा बसवली असती.

दोराने नाव ओढून घेऊन तिने त्याला काठावर आणले, तेव्हा सुनेने विचारले, कसं वाटलं? नाववाली शेजारीच उभी होती, ओला दोर गुंडाळत. मुकादमाने शिळेकडे पाठ केली.

“वारा छान होता,” तो म्हणाला.

तो पुन्हा उद्यानात आलेला नाही. नाववालीने त्याचे घर शोधून ठेवले आहे. शिळेवरचा शब्द तसाच आहे. पहार घ्यायला आलेला माणूस ती न घेताच परतला, हे लोकांसमोर अजून त्याने कबूल केलेले नाही. तेवढे देणे बाकी आहे.