घडीची रेघ

गाणं ऐकायला बसण्याआधी परशरामअण्णा पंखा बंद करायचे, मनगटावरचं घड्याळ काढून स्वयंपाकघरात ठेवून यायचे आणि समोर बसलेल्यांकडं असं बघायचे, की ज्याला खोकला येणार असेल तो आपणहून उठून बाहेर जाई. शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक गाणी सांगत, अण्णा ती कोऱ्या कॅसेटवर उतरवून देत. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण मोबाईलवर गाणी ऐकणारी पोरं दिसली की ते म्हणायचे, "ऐकत न्हायत ही. नुसती कानात घालून हिंडत्यात."

त्यांच्या बायको, सुमनकाकू, बारशाला पाळणे म्हणायच्या; त्यात बाळाच्या एकेका नातेवाइकाचं एकेक कडवं असायचं. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे पाळणे त्यांनीच म्हटलेले, माझाही. अण्णांनी ते घरात बसवून टेपवर घेतले होते आणि पुढं ओळखीच्या माणसाकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतले. काकू गेल्यावर त्यांची लेक शोभाक्का निपाणीहून आली की दर खेपेला मागायची, "आप्पा, आईच्या पाळण्यांची एक कॉपी द्या की मला."

अण्णा द्यायचे नाहीत. "कॉपी काढली की आवाज झिजतोय गं. कॉपीची कॉपी ऐकलीयास कधी? आतलं माणूसच निघून जातंय." कॅसेटच्या बाबतीत हे खरं होतं. दुकानात आयुष्यभर त्यांनी तेच बघितलं होतं.

माझे वडील मागावर साड्या विणायचे. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली, तेही कॉम्प्युटरमध्ये, आणि हे मी कुणालाही सरळ सांगते. अण्णांचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला तेव्हा मीच हट्ट धरला, की पाळण्यांची दुसरी प्रत त्यांच्या मोबाईलवर ठेवू. फाईली मोठ्या, मोबाईलमध्ये जागा थोडी. मी म्हटलं, "दाबून लहान करते, पण काही गमवायचं नाही अशा पद्धतीनं. नऊवारी घडी करून पेटीत ठेवली आणि पुन्हा उलगडली, तर धागा कमी होतो का?"

अण्णा हसले. "विणकराची पोर तू. घडीची रेघ ऱ्हाती का न्हाय?"

"ह्यात रेघसुद्धा राहत नाही, अण्णा."

"बघूया," म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. त्यानंतर ते मोबाईलवरच ऐकू लागले.

वर्ष उलटल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझ्या घडीनं घात केला गं. सुमनच्या आवाजाची धार गेली. दोन ओळींच्या मधी ती श्वास घ्याची, त्यो कुठं हाय?" बोलण्यात राग नव्हता. बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखे बसले होते.

मी दाबलेली फाईल उलगडून मूळ फाईलशी ताडून दाखवली. एक आकडा इकडचा तिकडं झालेला नव्हता. "आकडं कशाला दावतीयास मला? कानाला ऐकू दे." मग मी कॉम्प्युटरवरची मूळ फाईल लावली. कुठली लावली ते सांगितलं नाही.

डोळे मिटून त्यांनी पुरतं ऐकलं. "हे बी दाबलेलंच."

"अण्णा, ही मूळची. हिला कुणी हात लावलेला नाही."

ते उठले. कपाटावरचा टेप खाली काढला, काकूंची जुनी कॅसेट घातली आणि कान स्पीकरला टेकवून बसले. मला दारातूनही काकूंचा श्वास स्वच्छ ऐकू येत होता. अण्णा कॅसेट मागं घेत होते, पुन्हा लावत होते. शेवटी त्यांनी बटण दाबून टेप बंद केला.

"ही तर तू दाबली न्हाईस."

"नाही."

"म्हंजे फाईल चांगली हाय."

"चांगली आहे, अण्णा."

माझं म्हणणं खरं ठरलं होतं. खरं ठरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मी कानाच्या डॉक्टरांचं काढलं तर त्यांनी हातानं थांबवलं. "ते मागनं. आधी शोभाला फोन लाव. म्हणावं, येऊन आईचा आवाज घिऊन जा. मी उगंच दाबून बसलोतो."

शोभाक्का दुसऱ्याच दिवशी आली आणि पाळणे घेऊन गेली. अण्णांना कानाचं यंत्र बसवलं. त्यातून माणसं बोललेली कळायची, काकू कळायच्या नाहीत. "डब्यात बसून म्हणतीया," म्हणत ते यंत्र काढून ठेवायचे. पुढं पुढं तर यंत्रानंही भागेना.

अण्णा यंदा गेले. शेवटी शोभाक्का येऊन राहिली होती. एका दुपारी मी गेले, तर ती मोबाईल कानाला लावून खाटेवर बसलेली आणि अण्णा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. तिच्याच बारशाचा पाळणा चालू होता.

"कुठं आलीया?" अण्णांनी विचारलं.

"काकीचं कडवं झालं," ती त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

"आता आत्याला गाळंल बघ. नणंदेशी कवाच जमलं न्हाय तिचं."

शोभाक्का ऐकत राहिली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

"गाळली?"

"व्हय आप्पा. सरळ मामाकडं गेली."

अण्णांनी समाधानानं मान हलवली. "पुढं?"

शोभाक्का त्यांच्या कानाला तोंड लावून एकेक ओळ सांगत गेली, आणि अण्णा प्रत्येक ओळीला "हं" म्हणत राहिले.