जंताच्या तीन पुड्या आणि उंद्रीचा कापूस

माझ्या सासऱ्यांचा कापूस पिवळा नव्हता. हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे. अडचण एवढीच, की त्या दिवशी भर बाजारात मी नेमकं उलटं सांगितलं होतं, आणि तेही शपथेवरच!

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी नांदुऱ्याच्या एका अडत्याकडे कापूस पारखायच्या कामाला चिकटलेला होतो. सकाळी शेतकऱ्यांच्या गाड्या रांगेने लागायच्या. गाडीत कोपरापर्यंत हात घालून मी आतली मूठ काढायचो, धागा ओढून पाहायचो, मूठ उन्हात धरून रंग बघायचो आणि प्रत सांगायचो. माझ्या नजरेचा मला फार अभिमान होता. (दुसरं अभिमान धरावं असं जवळ काही नव्हतंच.) पांढऱ्या रंगात किती प्रकार असतात ते मी जेवताना बायकोला समजावून सांगायचो आणि ती ‘हाव का’ म्हणून भाकरी वाढायची.

आमच्या पाच वर्षांच्या शांतीला जंत झाले होते. डॉक्टरांनी साखरेत कालवलेल्या तीन पुड्या दिल्या. रोज एक द्यायची आणि तिसऱ्या दिवशी वरून एरंडेल. माझ्या बायकोला, गोदाला, त्यांनी आणखीही काही समजावून सांगितलं. मी शेजारीच होतो, पण त्या वेळी मी दवाखान्याच्या गादीतला कापूस कोणत्या प्रतीचा आहे ते चाचपून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदा विहिरीवर गेली आणि पहिली पुडी देण्याचं काम माझ्याकडे आलं. शांतीनं तोंड मिटून घेतलं. गोड असते म्हणून सांगितलं, तर म्हणाली, आधी तुम्ही खाऊन दाखवा. मी खाऊन दाखवली. सुरुवातीला गोड होती, मग जिभेवर कडू उतरायला लागली, आणि कार्टी नेमकी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“कडू हाये न, बाबा?”

“नाई वो, गोडच हाये.”

“मंग अजून एक खा.”

दुसरी खाल्ली. चेहरा अजूनही पुरेसा गोड दिसत नसावा, म्हणून तिसरीही खाल्ली. पाच वर्षांच्या पोरीपुढं हार मानायची नव्हती, यापलीकडे त्याला कारण नाही. रिकामे कागद मी सदऱ्याच्या खिशात लपवले, पुडी दिली आणि बाकीच्या नीट ठेवल्या असं गोदाला सांगितलं, आणि बाजाराकडे निघालो.

वाटेत ऊन जरा जास्तच पिकलेलं वाटलं. बाजारात तोलाई करणारे रहीमचाचा भेटले, तर त्यांचे डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे! मी त्यांना बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं की तुम्हाला कावीळ झाली आहे, आजपासून तेलकट बंद. बिचारे मटकन पोत्यावर बसले. मग मी कामाला लागलो आणि पाठोपाठ तीन गाड्या पिवळ्या म्हणून मागे लावल्या. शेतकरी हातापाया पडायला लागले, पण मी बधलो नाही. आज माझी नजर फारच तीक्ष्ण झाली आहे, असं मला आतून वाटत होतं.

चौथी गाडी माझ्या सासऱ्यांची निघाली. मामाजी उंद्रीहून खामगावचा एवढा मोठा बाजार वाटेत सोडून दोन दिवस बैल हाकत आले होते, केवळ माझा जावई पारखी आहे असं गावभर सांगून ठेवलेलं म्हणून. त्यांचा कापूस म्हणजे पंचक्रोशीतला नावाजलेला. पण नाती घरी, पारख बाजारात, असं मीच सगळ्यांना ऐकवत आलो होतो. मी मूठ काढली, उन्हात धरली, आणि चारचौघांत म्हणालो की मामाजी, हा सगळा डागी पिवळा आहे, शपथेवर सांगतो.

मामाजी माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे.

“मामाजी,” मी म्हणालो, “तुमालेबी कावीळ झाली.”

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि शांतपणे म्हणाले, “चला डाक्तरकडे. मले कावीळ असन, तर कापूसबी पिवळा म्हनीन. नसन, तर हा कापूस खामगावले जाईन. आन् गोदाबी माह्या संगं उंद्रीले येईन.”

रहीमचाचा उठलेच होते. बैल सोडले, आणि आमची वरात दवाखान्यात गेली. इतक्या वर्षांत मामाजी मला एक उणा शब्द बोलले नव्हते, आणि मी त्यांना बाजारात उघडं पाडलं होतं.

दवाखान्यात बघतो तर गोदा शांतीला घेऊन आधीच बसलेली. ती काकुळतीला येऊन डॉक्टरांना सांगत होती की तुम्ही म्हणाले होते पुडी घेतल्यावर लेकराला सगळं पिवळं दिसेल, भिऊ नका, पण हिला सकाळपासून काहीच पिवळं दिसत नाही; औषध लागू पडलं नाही की काय?

डॉक्टरांनी रहीमचाचांच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली, मग मामाजींची. दोघांचे डोळे स्वच्छ होते. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या डगल्याची बाही माझ्यापुढं धरून रंग विचारला.

“पिवळा,” मी ठामपणे म्हणालो.

एवढ्यात घाम पुसायला मी खिशातून रुमाल ओढला, आणि त्याच्याबरोबर तीन रिकामे कागद गोदाच्या पायाशी पडले.

“बाबानंच खाल्ल्या,” शांती म्हणाली. “लय गोड होत्या म्हने.”

डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची कृपा. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. औषधावर पत्ता लिहिलेला नसतो. ते पोटात जंताची पकड सैल करतं, पण थोडं रक्तात उतरतं, आणि रक्त जिथं जातं तिथं तेही जातं. डोळ्यांत गेलं की पांढरं ते पिवळं दिसायला लागतं. लेकराच्या तीन पुड्या म्हणजे मोठ्या माणसाचा एक डोस, म्हणून निभावलं. उद्यापर्यंत उतरेल. पण जंत त्यानं मरत नाही, नुसता सुटतो; त्याला बाहेर काढायला एरंडेल लागतंच.

“पन मले जंत नाईत,” मी कुरकुरलो.

“हे आधी ठरवायचं होतं,” डॉक्टर म्हणाले.

एरंडेलाचा पेला मामाजींनी स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाला लावला. मी तो रिकामा केल्यावरच ते दुपट्ट्यात तोंड घालून हसायला लागले, आणि माझा जीव भांड्यात पडला. खामगावचं आणि गोदाला नेण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. ते आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी, परसाकडच्या फेऱ्यांतून जरा उसंत मिळाल्यावर, मी बाजारात सगळ्यांसमोर त्यांची मूठ उन्हात धरली. इतका पांढरा कापूस मी आजतागायत पाहिलेला नाही. मागे लावलेल्या तिन्ही गाड्याही पांढऱ्याच निघाल्या.

त्यानंतर कित्येक वर्षं माझा हात गाडीत जायच्या आधी शेतकरी आपल्या धोतराचा सोगा पुढं करून विचारायचे, पारखीबुवा, याचा रंग कोणता? मामाजींनी मात्र असं कधीच विचारलं नाही. ते दरवर्षी कापसाच्या गाडीत पुढच्या बाजूला, मला दिसेल अशी, एरंडेलाची बाटली ठेवून यायचे.